पऱ्हाटीचा बायोचार, आगाऊ पैसे आणि टोकन

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक आहात. सभासदांची मिळून 1,200 एकर कपाशी आहे. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडं) उपटून धुऱ्यावर पेटवली जाते. ती जाळण्याऐवजी तिचा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) करायचा, तो शेतातच घालायचा आणि त्यातून मिळणारी कार्बन क्रेडिट्स (एक क्रेडिट म्हणजे हवेतून काढलेल्या किंवा हवेत जाऊ न दिलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडचा दाखला) विकायची, असा बेत आहे. भट्ट्या, कुट्टी यंत्र, वजनकाटा आणि शेड मिळून 60 लाख लागतात आणि बँक तारण मागते. पुण्यातल्या तुमच्या भाच्याने तोडगा काढला: 2,000 टोकन (हातोहात विकता येणारी डिजिटल कुपनं) काढू, एक टोकन म्हणजे हवेतून काढलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, 3,000 रुपयांना एक टोकन विकू, पैसे आत्ता घेऊ आणि टन पुढे देऊ. हे करावं का, आणि कायद्यात बसतं का?

मी गेली चौदा वर्षं शेतातल्या काडीकचऱ्याच्या आणि मातीच्या कार्बन प्रकल्पांची मोजणी आणि कागदपत्रं करते. माझं मत आधीच सांगते. आगाऊ पैसे मागण्यात काही वावगं नाही. खरेदीदाराकडचा पैसा बिटकॉइनसारख्या क्रिप्टोतला असेल तर त्यातही वावगं नाही. पण जो टन अजून झालाच नाही, त्याचं टोकन करून बाजारात सोडू नका.

तुमच्या भागात संत्र्याची बाग बहारावर विकली जाते, ते आठवा. फळ अजून सुपारीएवढं असतं. व्यापारी बागेत हिंडून अंदाज घेतो, सौदा ठरतो, इसार हातात पडतो आणि उरलेली रक्कम तोडीच्या वेळी मिळते. मध्ये गारपीट झाली किंवा फळगळ झाली तर कुणाचं किती नुकसान, हे दोघांना आधीच माहीत असतं. निदान भांडायला समोर माणूस असतो. कार्बनचे आगाऊ पैसे म्हणजे हाच व्यवहार. तेव्हा पैसा रुपयात येतो की टोकनमध्ये, हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. टन झालाच नाही तर तो तोटा कोणाचा, हा पहिला.

जगात हे काम मोठ्या प्रमाणावर कसं चाललंय तेही बघा. 2022 च्या एप्रिलमध्ये स्ट्राइप, अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी यांनी मिळून हवेतून काढलेला कार्बन विकत घेण्याची 92.5 कोटी डॉलरची 'फ्रंटियर' योजना जाहीर केली. तिची कल्पना लसीकरणातून आलेली आहे. न्यूमोकोकल लशीसाठी 2009 मध्ये काही देशांनी आणि दात्यांनी 150 कोटी डॉलरची हमी दिली होती: लस तयार करा, ठरल्या भावाने आम्ही घेऊ. पैसे मात्र लस पोहोचल्यावर. फ्रंटियरही कोवळ्या कंपन्यांना लहान रकमा आधी देते, पण मोठे करार टन हाती आल्यावर पैसे देण्याचे असतात. इतक्या श्रीमंत कंपन्यासुद्धा सगळे पैसे आधी देत नाहीत आणि पुरवठादारही सगळे आधी मागत नाहीत. पुरवठादारांकडे खरेदीची लेखी हमी असते आणि ती दाखवून ते इतरांकडून कर्ज किंवा भांडवल उभं करतात. तुमच्यासाठीही हाच रस्ता आहे, फक्त आकडे लहान.

आता टोकनच्या बाजाराबद्दल. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये 'टूकन' आणि 'क्लायमाडाओ' या दोन क्रिप्टो प्रकल्पांचा मोठा गाजावाजा झाला. व्हेरा या कार्बन क्रेडिट्सच्या नोंदणी संस्थेकडची क्रेडिट्स तिथे वापरली गेली अशी नोंद करायची आणि तेवढीच टोकन ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक डिजिटल वहीत, काढायची. ही टोकन एका सामायिक साठ्यात टाकली की सगळी एकसारखी होत. क्लायमाडाओ ती विकत घेऊन आपलं 'क्लायमा' हे टोकन काढत असे. विचार असा होता की मागणी वाढली की कार्बनचा भाव चढेल आणि नव्या प्रकल्पांना पैसा मिळेल. क्लायमाचा भाव सुरुवातीला 3,000 डॉलरच्या वर गेला आणि वर्ष उलटायच्या आत काही डॉलरवर आला.

भाव पडला, हे माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. साठ्यात काय जमा झालं ते बघा. एका साठ्यात सगळे टन एका भावाचे म्हटल्यावर सगळ्यात हलका माल तिथेच येणार. जुन्या जलविद्युत आणि पवनऊर्जा प्रकल्पांची, वर्षानुवर्षं गिऱ्हाईक न मिळालेली क्रेडिट्स तिथे खपली. बाजार समितीत सगळा कापूस एकाच भावाने घेणार असं जाहीर केलं तर लांब धाग्याचा, कोरडा, स्वच्छ कापूस तिथे कोण नेईल? ओला आणि कवडीचाच जाईल. यातला बहुतेक माल उत्सर्जन टाळल्याचा होता, हवेतून कार्बन काढल्याचा नव्हता. आणि पैसा गेला तो जुनी क्रेडिट्स धरून बसलेल्यांकडे. 2022 च्या मे महिन्यात व्हेराने वापरून झालेल्या क्रेडिट्सची टोकन काढायला मनाई केली आणि ती वाट बंद झाली.

त्या मंडळींची नियत खोटी होती असं मी म्हणत नाही. बऱ्याच तरुणांना मनापासून काही करायचं होतं, आणि व्यवहार सगळ्यांना दिसले पाहिजेत हा त्यांचा आग्रह मला आजही पटतो. पण ब्लॉकचेन एवढंच सांगू शकते की हे टोकन आधी याच्याकडे होतं, आता त्याच्याकडे आहे. भट्टीत गेलेली पऱ्हाटी ओली होती की वाळलेली, हे तिला दिसत नाही. ते माणसालाच बघावं लागतं.

म्हणून आता पऱ्हाटीकडे येऊ. तुमच्या 2,000 च्या आकड्याने मला सर्वांत जास्त काळजीत टाकलं. हिशेब कसा झाला असेल याचा अंदाज येतो: एकरी एक टन पऱ्हाटी, म्हणजे 1,200 टन. कोरड्या पऱ्हाटीत साधारण 45 टक्के कार्बन. त्याला 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचं वजन मिळतं, म्हणजे टनाला सुमारे 1.65. आले 2,000 टन. गणित म्हणून बरोबर आहे, पण पऱ्हाटीतला सगळा कार्बन कोळशात उरतो असं त्यात धरलं आहे. तसं होत नाही. निम्म्याहून जास्त भट्टीतून वायू होऊन निघून जातो.

मी असा हिशेब करेन. 1,200 टनांपैकी चुलीला, कुंपणाला आणि विटभट्टीला किती जाते ते आधी वजा करा. चुलीची पऱ्हाटी भट्टीत घातली आणि घरातली बाई मग जळणासाठी झाडं तोडू लागली, तर हवेचा काहीच फायदा नाही, आणि तपासनीस हेच पहिल्यांदा विचारतो. निम्मी, म्हणजे 600 टन हाती आली असं धरू. साध्या भट्टीत कोरड्या मालाच्या चौथाई वजनाचा बायोचार मिळाला तर चांगलं, म्हणजे 150 टन. त्यात 70 टक्के कार्बन धरला तर 105 टन, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड साधारण 385 टन. त्यातून शंभर वर्षांत मातीत होणारी झीज, भट्टीतून सुटणारा मिथेन आणि कुट्टी-वाहतुकीचं डिझेल वजा करा. 300 च्या आसपास क्रेडिट्स उरतील. एका हंगामाची.

2,000 टोकन विकून 300 टन हातात. उरलेली 1,700 टोकन ज्यांच्याकडे आहेत त्यांना काय सांगणार? सगळे हंगाम व्यवस्थित गेले तरी फेडायला जवळजवळ सात वर्षं लागतील. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

दुसरीकडे, तुम्ही तो टन फार स्वस्तात द्यायला निघालात. चांगल्या मोजणीच्या बायोचार क्रेडिटला गेल्या काही वर्षांत साधारण 100 ते 200 डॉलर मिळत आले आहेत. 120 डॉलर आणि डॉलरला 85 रुपये धरले तर एका क्रेडिटचे 10,000 च्या वर होतात, आणि 300 क्रेडिट्सचे 30 लाखांच्या वर. नोंदणीचा, प्रयोगशाळेचा आणि तपासणीचा खर्च यातूनच जाईल. म्हणजे पहिल्या हंगामात 60 लाख निघणार नाहीत. हे आज कागदावर दिसलेलं बरं.

ओलाव्याबद्दल एक प्रसंग सांगते, कारण आगाऊ विक्री इथेच अडते. एका प्रकल्पात फेब्रुवारीत भट्टी पेटवायची म्हणून आम्ही सकाळी सातला शेतावर गेलो. रचलेली पऱ्हाटी वरून कडक वाळलेली, हाताने मोडली तर कट्कन तुटत होती. ढिगाच्या आतली जाड बुडखी काढून ओलावामापकाच्या सुया टोचल्या तर आकडा 27. आम्हाला 15 च्या आत हवा होता. गडी म्हणाले, पेटू द्या, आगीत वाळेल. एक भट्टी पेटवून बघितली. वर स्वच्छ ज्वाळा टिकेना आणि पांढरा धूर सगळ्या वावरात पसरला. त्या धुरातून मिथेन जातो. अशा भट्टीचा कोळसा काळाभोर, सुंदर दिसतो आणि हिशेबात मात्र मार खातो. आम्ही थांबलो, ढीग मोडून पऱ्हाटी उभी करून वाळवली आणि त्यात बारा दिवस गेले. खरेदीदाराला तसं कळवलं आणि त्याने तारीख पुढे ढकलली, कारण करारात तशी सोय होती. टोकन शेकडो अनोळखी लोकांकडे असतं तर हे बारा दिवस कोणाकडे मागितले असते? भाव घसरायला एवढी बातमी पुरे झाली असती.

टोकनने धोका नाहीसा होत नाही, तो हातोहात फिरतो. ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवून घेतलं तो पुढच्या महिन्यात विकून मोकळा होतो. ज्याच्या हातात ते शेवटी राहतं त्याला तुमचं गावही माहीत नसतं. संत्र्याच्या व्यापाऱ्याला तोडीपर्यंत बागेत रस असतो, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. असाच अडकलेला खरेदीदार तुम्हाला हवा आहे.

आता कायदा. मी वकील नाही, म्हणून सही करण्याआधी तुमचे सीए आणि वकील दोघांनाही दाखवा. पण कोणते प्रश्न विचारायचे ते सांगते. क्रिप्टो बाळगायला किंवा विकायला भारतात बंदी नाही. बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नये असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या मार्चमध्ये रद्द केलं. पण एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, खरेदी किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. व्यवहारावर 1 टक्का टीडीएस वेगळा. म्हणजे टोकन हातात धरून भाव वाढायची वाट बघणं उत्पादक कंपनीला कुठल्याही बाजूने परवडणारं नाही.

लोकांकडून आधी पैसे घेऊन नंतर काहीतरी देण्याचं वचन देणं, आणि त्यात 'भाव वाढेल' असा इशारा करणं, हे त्याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, केंद्राचा अनियमित ठेव योजनांवर बंदीचा 2019 चा कायदा आहे, शिवाय सेबीचे सामूहिक गुंतवणुकीचे नियम आहेत. तुमची योजना त्यात बसेल की नाही, हे शब्द कसे लिहिलेत यावर ठरेल. पुण्यातलं गेनबिटकॉइन फसवणुकीचं प्रकरण लोक विसरलेले नाहीत. दरमहा 10 टक्क्यांच्या आशेने माणसांनी आयुष्याची कमाई घातली होती. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी गावात 'टोकन' म्हटलं की तीच आठवण येईल. कंपनीच्या 300 सभासदांचं नाव पणाला लावण्याआधी याचा विचार करा.

परदेशातून पैसा येणार असेल तर तो देणगी म्हणून येतोय की खरेदीची किंमत म्हणून, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि तुमच्याकडे ती नाही. क्रेडिट विकून येणारा पैसा व्यापाराचा असतो, पण तो बँकेमार्फत आला पाहिजे. कुणी थेट तुमच्या वॉलेटमध्ये (क्रिप्टोच्या खात्यात) डॉलरशी भाव बांधलेलं क्रिप्टो नाणं पाठवलं तर निर्यातीचे पैसे आले असं बँक मानेल, या भरवशावर राहू नका.

तरीही क्रिप्टोतल्या पैशाला जागा आहे. परदेशात असे गट आणि व्यक्ती आहेत ज्यांची संपत्ती क्रिप्टोत आहे आणि ज्यांना मनापासून कार्बन काढण्याच्या कामाला आधी पैसे द्यायचे आहेत. बँकेला पऱ्हाटीचं तारण चालत नाही, यांना चालतं. वीज खाणारं नाणं म्हणून नाक मुरडण्याचं कारणही आता कमी झालंय. इथेरियम या क्रिप्टो जाळ्याने 2022 च्या सप्टेंबरमध्ये पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. बिटकॉइनचा नाही, हेही लक्षात असू द्या.

अशा खरेदीदाराशी बोलताना मी तीन गोष्टींवर अडून बसते. पहिली: करार रुपयात किंवा डॉलरमध्ये, क्रिप्टोचे रुपये-डॉलर करायची जबाबदारी आणि भावाची जोखीम त्याची, आणि तुमच्या खात्यात पैसा बँकेतून येणार. हे मी अनुभवातून सांगते. 2021 च्या अखेरीस मी ज्या प्रकल्पात होते तिथे एका परदेशी गटाने आगाऊ रक्कम स्वतःच्याच टोकनमध्ये दिली. करारावर ती 18 लाखांची होती. विकायला गिऱ्हाईक मिळेपर्यंत चार लाख राहिली. शेडचा पाया खणून झाला होता, पत्रे आले नाहीत, आणि पहिल्या पावसात वाळवलेला सगळा माल भिजला. ज्या बायांनी दोन महिने पऱ्हाटी गोळा केली त्यांची मजुरी आम्ही दुसरीकडून उसनवारीने दिली. डॉलरशी बांधलेली नाणी यापेक्षा बरी, पण तीही पूर्ण निर्धास्त नाहीत. 2023 च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी हे असंच एक नाणं काही काळ 90 सेंटच्या खाली गेलं होतं, मग दोन-तीन दिवसांत सावरलं.

दुसरी गोष्ट: पैसे टप्प्याटप्प्याने. भट्ट्यांची ऑर्डर दिल्यावर एक हप्ता, पहिला वजन केलेला आणि प्रयोगशाळेत तपासलेला बायोचार शेतात मिसळल्यावर दुसरा, क्रेडिट नोंदणीवर चढल्यावर शेवटचा. भाच्याचं कौशल्य इथे उपयोगी पडेल. खरेदीदाराच्या बाजूची रक्कम ब्लॉकचेनवर कुलूपबंद ठेवून, टप्पा पूर्ण झाल्याचा तपासनिसाचा शेरा आला की ती सुटेल, अशी सोय करता येते. वजनाच्या पावत्या, ओलाव्याचे आकडे, भट्टीचे फोटो कोणालाही मागून बदलता येणार नाहीत अशा नोंदीत ठेवता येतात. टोकन काढायचंच असेल तर नोंदणीवर क्रेडिट चढल्यानंतर, नोंदणी संस्थेच्या लेखी परवानगीने.

तिसरी गोष्ट: अपेक्षित क्रेडिट्सपैकी निम्म्याहून जास्त आगाऊ विकायची नाहीत. 300 चा अंदाज असेल तर 120 ते 150. बोंडअळी आली, पाऊस लांबला, कुणी फरदड (वेचणीनंतरही पुन्हा बोंडं धरायला उभी ठेवलेली कपाशी) ठेवली म्हणून पऱ्हाटी उशिरा निघाली, तरी एवढी क्रेडिट्स देता येतील. आगाऊ देणाऱ्याला भावात थोडी सूट द्या, तो त्याचा हक्क आहे. पण टन कमी पडले तर काय, हे नीट लिहून घ्या: पुढच्या हंगामात भरून देणार की पैसे परत? तुम्ही 'पुढच्या हंगामात' हे मागा. परतफेडीचं कलम मान्य केलंत तर ते कर्ज झालं, आणि शेतकऱ्यांच्या कंपनीने ते कर्ज म्हणूनच मोजलं पाहिजे.

आगाऊ पैसे देणारा क्रिप्टोवाला नसला तरी धोका असतोच. अमेरिकेतली रनिंग टाइड ही समुद्रात कार्बन साठवू पाहणारी कंपनी 2024 च्या जूनमध्ये बंद पडली. मायक्रोसॉफ्ट आणि शॉपिफायसारखे ग्राहक असूनही पुढची मागणी पुरेशी आली नाही. मातीतल्या कार्बनचा बाजार ब्लॉकचेनवर उभा करायला निघालेली सिॲटलची नोरी कंपनीही त्याच वर्षी बंद झाली. म्हणून एकाच खरेदीदारावर सगळं उभारू नका आणि बायोचार शेतात घालून पिकाला काय फरक पडतो तेही मोजत राहा. क्रेडिटचा भाव पडला तरी शेतकऱ्याने भट्टी पेटवावी असं दुसरं कारण हवं.

तुमच्या बाबतीत काय होईल ते दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे ज्या मला इथून दिसत नाहीत: पऱ्हाटी खरोखर किती जाळली जाते, भट्ट्यांपर्यंतचं अंतर किती, आणि कंपनीचे हिशेब लेखापरीक्षणातून स्वच्छ बाहेर आलेत का. 60 लाखांऐवजी 12-15 लाखांत चार भट्ट्या आणि एक कुट्टी यंत्र घेऊन एका गावापुरतं सुरू करता आलं, तर आगाऊ विक्रीची गरजही तेवढीच लहान होईल आणि पहिल्या हंगामाचे खरे आकडे पुढच्या खरेदीदारासमोर ठेवता येतील.

त्यासाठी उलंगवाडीची वाट बघायला नको. डिसेंबर-जानेवारीत पाच सभासदांची शेतं निवडा, एक कोरडवाहू भारी जमिनीचं, एक हलक्या जमिनीचं, एक ओलिताचं नक्की असू द्या. प्रत्येकी दहा गुणिले दहा मीटरचा तुकडा आखून त्यातली सगळी पऱ्हाटी मुळासकट उपटा, वजन करा, तीन आठवडे उन्हात उभी ठेवा आणि पुन्हा वजन करा. सोबत त्या पाच घरांत चुलीला वर्षाकाठी किती पऱ्हाटी लागते ते घरातल्या बाईला विचारा, पुरुषाला नको. हे दहा-पंधरा आकडे मला पाठवा. मग किती क्रेडिट्सचा शब्द देता येईल ते आपण बसून ठरवू, आणि खरेदीदाराला पत्र त्यानंतर लिहू.